काचेचा टाक हवाय: साधा, चारशेच्या आत

बोरीकाठची (अमळनेर)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे शाया जास्त आणि पेनं कमी, अशी अवस्था झाली आहे. आम्ही काही मैत्रिणी एकमेकींना दोन-दोन मिलिलिटर शाई छोट्या कुप्यांत भरून पाठवतो. नवी कुपी आली की रंग बघायला फाउंटन पेन धुवा, सुकवा, भरा, चार ओळी लिहा, परत धुवा. मोरी निळी होते आणि सासूबाई एक अक्षर न बोलता घासणी पुढे करतात.

म्हणून काचेचा टाक घ्यायचं डोक्यात आहे. बुडवला, लिहिलं, पाण्यात हलवला, पुसला, की पुढची शाई घ्यायला मोकळे. पण ऑनलाइन बघावं तर दांडीवर हंस नाहीतर गुलाब, काचेत सोनेरी वर्ख, वर मखमली डबी. नाहीतर मग हजाराच्या पुढचे जर्मन-फ्रेंच. मला सरळ दांडी आणि तिला नीट टोक, एवढंच पाहिजे. गावातल्या स्टेशनरीवाल्याने तर “शोकेससाठी का, मॅडम?” म्हणून विचारलं.

स्वस्तातला घेतला तर कागद खरवडतो का? देवनागरी बरी उमटते का? आणि जळगाव-धुळ्यात कुणी हातात घेऊन, बघून विकत घेतलाय का?

पांझरेकाठचा म्हातारा (धुळे)

ताई, इतला खर्चा कशाले? लाकडी दांडीचा टाक आणि स्टीलचं निब घ्या, पन्नास-साठ रुपयांत काम होतं. आमची पिढी त्याच्यावरच शिकली. शाईची पूड पाण्यात कालवायची, दौत दप्तरात सांडायची आणि मार खायचा. कॅम्लिनची सुरुवातच १९३१ साली घोडा छाप शाईच्या पुडीने आणि गोळ्यांनी झाली होती, हे आताच्या पोरांना सांगून पटत नाही.

देवनागरीचं विचाराल तर काचेचं टोक गोल असतं. कुठूनही ओढा, रेघ एकाच जाडीची येते. अक्षर स्वच्छ दिसतं, पण तार वाकवून केल्यासारखं. आमच्या धुळ्यात समर्थ वाग्देवता मंदिरात जुनी रामदासी हस्तलिखितं आहेत, एकदा जाऊन बघा. तिरक्या कापाच्या बोरूने जो जाड-बारीकपणा येतो तो काचेच्या बापाला जमणार नाही. सुलेखनासाठी घेत असाल तर पैसे पाण्यात. शाई चाखायला घेत असाल तर मर्जी तुमची.

भिंगवाला (जळगाव)

काका सुलेखनाबद्दल बरोबर बोलले, पण ताईंना शाई बघायची आहे आणि त्या कामाला स्टीलचं निब अडचणीचंच. नव्या निबावर तेलाचा थर असतो, तो काढल्याशिवाय शाई धरत नाही. आयर्न गॉल शाईने, म्हणजे लोखंडाचे क्षार घातलेल्या आंबट शाईने, त्याला गंज चढतो. काचेला यातलं काही नाही. चमकीची शाई, वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक, जे फाउंटन पेनात घालायची छाती होत नाही ते सगळं चालतं. फक्त ड्रॉइंग इंक वाळायच्या आत धुवायची, नाहीतर खाचांत बसते आणि मग जुन्या दातब्रशने घासत बसा.

मी सराफ बाजारात कारागीर आहे. दिवसभर डोळ्याला भिंग असतं, त्यामुळे स्वस्तातले बरेच टाक लोकांनी माझ्याकडे दाखवायला आणले. जळगावच्या दुकानांत मला कुठे दिसला नाही, ऑनलाइनच घ्यावा लागेल. चारशेच्या आतले बहुतेक चिनी. माल वाईट नसतो, पण एकाच डब्यातले दोन नग सारखे निघत नाहीत. काच, रंग, दांडी सोडा, सगळा खेळ शेवटच्या दोन मिलिमीटरचा आहे.

टोकाला पिळाच्या खाचा असतात. केशाकर्षणाने त्यांत शाई भरून राहते आणि लिहिताना हळूहळू टोकाशी उतरते. या खाचा अगदी टोकापर्यंत पोचलेल्या हव्यात. मध्येच संपल्या असतील तर पहिल्या शब्दाला शाईचा थेंब पडतो आणि पुढे टाक कोरडा. दुसरं म्हणजे टोक दांडीच्या मधोमध आहे का ते बघायचं. दांडी दोन बोटांत धरून फिरवा. टोक जागेवर फिरलं तर ठीक, भोवरी घेऊ लागलं तर परत पाठवा. हे फोटोत कळत नाही, म्हणून परतीची सोय असेल तिथूनच घ्या आणि विकणाऱ्याच्या फोटोंपेक्षा गिऱ्हाइकांनी टाकलेले टोकाचे फोटो मोठे करून बघा.

खरवडण्याचं म्हणाल तर स्वस्तातला टाक बहुधा एखाद्या बाजूने खरवडतोच. त्यावर इलाज आहे. गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करतात त्यांच्याकडे वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात भिजवून घासायचा पॉलिश पेपर मिळतो, दोन हजार नंबरचा किंवा त्याहून बारीक. तो काचेवर किंवा फरशीवर सपाट ठेवा, पाण्याने भिजवा आणि लिहिताना धरतो तसाच टाक धरून त्यावर आठचा आकडा काढत राहा, दर आकड्याला दांडी थोडी फिरवत. जोर शून्य. दोन-चार आकडे झाले की धुऊन, शाईत बुडवून कागदावर बघायचं. अति घासलं तर टोक बोथट होतं आणि रेघ जाड होते, ती परत बारीक होत नाही. कोरडं मात्र घासू नका, काचेची भुकटी श्वासात जाते. आणि गॅसवर टोक धरून गुळगुळीत करायचा उद्योग करू नका. माझ्या हाताशी दिवसभर आग असते, तरी मी करत नाही. खाचा वितळून बुजतात आणि साधी काच तडकते ती वेगळीच.

जंक्शन (भुसावळ)

थोडं वेगळं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हे प्रकरण चिडवतं. पंख्याखाली बसलात तर ओळ पुरी व्हायच्या आत खाचांतली शाई घट्ट होते. बाटली उघडी ठेवली की तीही दाटते, आणि मग रंग खरा कोणता तेच कळत नाही. मी सकाळी लवकर बसतो. बुडवून झालं की लगेच झाकण. दाटलेल्या शाईत डिस्टिल्ड वॉटरचा एखादा थेंब, बोअरिंगचं पाणी नको.

बोरीकाठची

सगळ्यांचे आभार. काका, वाग्देवता मंदिरात नक्की जाणार, पण टाक काचेचाच घेणार. :)

भिंगवाले दादा, अजून दोन शंका. माझ्या कुप्यांची तोंडं अगदी लहान आहेत, टोक आत जाईल ना? आणि एका ठिकाणी लाकडी दांडीला काचेचं टोक बसवलेला टाक दिसला, तीनशे वीसला. तो चालेल, की अख्खा काचेचाच बरा?

भिंगवाला (जळगाव)

लाकडी घ्या, मी तर तोच सुचवला असता. काचेचा टाक जपानमध्ये १९०२ साली सासाकी सादाजिरो नावाच्या, वाऱ्यावर वाजणाऱ्या काचेच्या घंटा करणाऱ्या कारागिराने काढला, आणि तिथल्या जुन्या टाकांना बांबूचीच दांडी असते. हलका असतो. टोक नुसतं खोचलेलं असेल तर फुटल्यावर नवं बसवता येतं. चिकटवलेलं असेल तर नाही, तेवढं विकणाऱ्याला विचारून घ्या. लाकडाचा भाग पाण्यात भिजत ठेवू नका.

कुपीचं म्हणाल तर टोकाचा सगळ्यात जाड भाग बहुतेकदा सहा-सात मिलिमीटरचा असतो. तोंडाला पट्टी लावून बघा. आत गेलं नाही तरी अडत नाही. ड्रॉपरने दोन थेंब औषधाच्या बाटलीच्या झाकणात काढा आणि त्यात बुडवा, तेवढ्यात पोस्टकार्ड भरतं. खाचा अर्ध्याच बुडवायच्या आणि निघताना टोक काठाला टेकवून जादा शाई निथळू द्यायची. रेघ फिकी झाली की लगेच परत बुडवू नका. दांडी बोटांत जरा फिरवा, पलीकडच्या खाचांत शाई शिल्लक असते.

पांझरेकाठचा म्हातारा (धुळे)

तीनशे वीसवाल्याची लिंक टाका ताई. नातीसाठी बघतो.