पोस्टग्रेस: तीच क्वेरी विंडोजवर ९ सेकंद आणि उबुंटूवर दीड, असं का?

टेबलखुर्ची:
मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीय. पोस्टग्रेस १६ (डेटाबेस सॉफ्टवेअर), एकच डंप, म्हणजे डेटाची बॅकअप फाइल, दोन ठिकाणी रिस्टोर केलाय, एक माझा विंडोज ११ वाला लॅपटॉप आणि दुसरा ऑफिसातला उबुंटू (लिनक्स) सर्व्हर. ग्राहकांचं टेबल, १२ लाखांच्या आसपास रो, गावाच्या नावाने ऑर्डर बाय (क्रम लावणं) करून यादी काढायची एवढंच काम. लॅपटॉपवर ९ सेकंद नि उबुंटूवर दीड. रॅम सारखी, एसएसडी दोन्हीकडे. साहेब म्हणतात विंडोजच टाकाऊ. खरंच ओएसमुळे एवढा फरक पडतो?

जुना_डीबीए:
ओएसला शिव्या नंतर घालू, आधी सांग रिस्टोरनंतर दोन्हीकडे ॲनालाइज (डेटाचा अंदाज गोळा करणारी कमांड) मारलंस का? १६ च्या डंपमधनं स्टॅटिस्टिक्स, म्हणजे तेच अंदाज, येत नाहीत, मग प्लॅनच (क्वेरी चालवायची पद्धत) वेगळा निघतो आणि आपण बसतो विंडोज-लिनक्स करत. आणि पहिल्या रनचा आकडा धरू नकोस, कॅश गरम होऊ दे, म्हणजे डेटा मेमरीत येऊ दे.

टेबलखुर्ची:
मारलं. प्लॅन दोन्हीकडे सेम, स्कॅनला काहीच वेळ नाही, सगळा वेळ सॉर्टमधे जातोय. एक्स्टर्नल मर्ज दाखवतंय, म्हणजे सॉर्ट मेमरीत न मावता डिस्कवर होतोय.

पाणीपुरी_४०४:
म्हणजे वर्क मेम (सॉर्टला मिळणारी मेमरी) डिफॉल्ट ४ एमबीलाच आहे. टेम्प फाइली डिस्कवर पडतायत आणि विंडोजचा अँटीव्हायरस डिफेंडर त्या हुंगत बसत असणार. डेटा फोल्डर त्याच्या एक्स्क्लूजनमधे (तपासू नये अशा यादीत) टाक, वर्क मेम सेशनपुरतं वाढव.

जुना_डीबीए:
ते करच, पण माझा संशय कोलेशनवर, म्हणजे अक्षरांचा क्रम ठरवणाऱ्या नियमांवर आहे. दोन्ही डेटाबेसचं कोलेशन बघ. उबुंटूवर ‘सी’ नावाचं कोलेशन असेल तर तिथे नुसती बाइटला बाइट तुलना होते, एकदम स्वस्त. विंडोजवर यूटीएफ-८ डेटाबेसला सी सोडून दुसरं कोलेशन असलं की पोस्टग्रेस आधी स्ट्रिंग यूटीएफ-१६ मधे (मजकूर साठवायची दुसरी पद्धत) बदलतो आणि मग विंडोजला विचारतो मोठं कोण, असं सॉर्टमधल्या तुलनेगणिक. अरे मग दोन मशीन एकच काम करतच नाहीयेत, तुलना कसली करतोयस! आणि एक, सी मधे मराठीची वाट लागते, युनिकोडमधे ळ हा ल आणि व च्या मधे बसलाय, आपल्याकडे तो ह च्या नंतर. दोन्हीकडे आयसीयूचं (ओएसवर अवलंबून नसलेली भाषा-नियमांची लायब्ररी) मराठी कोलेशन लाव, मग घड्याळ लाव.

टेबलखुर्ची:
दादा, सीच निघालं! सर्व्हर ज्याने उभा केला त्याने नो-लोकेल (भाषेचे नियम नकोत) देऊन इनिटडीबी, म्हणजे डेटाबेस उभा करायची कमांड, चालवलं होतं. आता दोन्हीकडे आयसीयू मराठी, वर्क मेम २५६ एमबी, डिफेंडर बाजूला, तर लॅपटॉप ३.१ आणि उबुंटू २.४. म्हणजे उबुंटू उलट हळू झाला 😅 उरलेला फरक प्रोसेसरचाही असू शकेल, सर्व्हरचा जरा नवा आहे. साहेबांना अजून सांगितलं नाहीये. पण अकाउंटच्या मॅडम दोन महिने कटकट करत होत्या की यादीत कळंब कवठ्याच्या आधी का येतं, आणि आम्ही सगळे त्यांना एक्सेलमधे सॉर्ट करून घ्या म्हणत होतो. ते या सीमुळेच होतं.