मदत हवी आहे: पर्यटनाचा परिणाम मोजायचा कसा? अर्जंट!!

किनाऱ्याची_पोर: एमएचा प्रबंध आहे. गाइडनी सर्वेचा फॉर्म तिसऱ्यांदा परत केला, म्हणाले लोकांची मतं म्हणजे परिणाम नव्हे. शंभर फॉर्म भरून झालेत, सोमवारी दाखवायचंय. अजून सॅम्पल किती घेऊ? प्लीज लवकर सांगा.

पेडणेकर_७: कसला परिणाम, कुठे? कचरा, आवाज, पाणी? विषय भूगोल की समाजशास्त्र?

मास्तर_फोंडा: पर्यटनस्थळ कसं वाढतं ते सांगणारं बटलरचं १९८० चं मॉडेल लाव. आधी शोध, मग वाढ, मग थांबणं, असे टप्पे असतात. माझ्या दोन विद्यार्थिनींनी तेच वापरलं, छान झालं.

पेडणेकर_७: मास्तर, त्यातून टप्पा कळेल, पर्यावरणाचं काय झालं ते कसं कळणार?

किनाऱ्याची_पोर: सॉरी, भूगोल. गोव्यातलं मोरजी, विहिरींचं पाणी. आजीची विहीर वाळूपासून पाच मिनिटांवर, मे महिन्यात पाणी इतकं मचूळ होतं की डाळ शिजत नाही. बाजूला गेस्ट हाऊस उठली, सगळ्यांचे पंप दिवसभर चालू.

कासवमित्र: मोरजीच आहे तर कासवांवर कर ना! ऑलिव्ह रिडलेची पिल्लं वाळूतून वर आली की उजेडाकडे धावतात, समुद्र सोडून दिव्यांच्या दिशेनं. दिवे मोजायला खर्च नाही.

पेडणेकर_७: अहो ती विहिरीचं विचारतेय.

भूजलवाला: फॉर्म ठेव, पण मुख्य काम मोजणीचं. किनाऱ्याच्या वाळूत गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं, उपसा वाढला की खारं वर चढतं. ईसी मीटर घे (पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो, त्यावरून खारेपणा कळतो), किनाऱ्यापासून आत जाणाऱ्या ओळीत दहाबारा विहिरी, दर पंधरा दिवसांनी, आणि हॉटेलं नसलेल्या पट्ट्यातल्या तेवढ्याच. मेमध्ये पाणी सगळीकडेच उतरतं, ही तुलना नसेल तर पर्यटनाचा वाटा वेगळा काढताच येणार नाही. क्लोराइड, म्हणजे मिठातला घटक, लॅबमधून मोजून घे, पिण्याच्या पाण्याला लिटरमागे २५० मिलिग्रॅम, दुसरी सोय नसेल तर १००० पर्यंत चालतं.

मास्तर_फोंडा: वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस पडतो गोव्यात, विहिरी भरतातच. उगाच टूरिझमला दोष नको.

भूजलवाला: भरतात सर, पण पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर, गर्दी डिसेंबरात. मधल्या कोरड्या महिन्यांत उपसा कोण किती करतं तेच तर शोधायचंय.

किनाऱ्याची_पोर: पंपाचं फॉर्ममध्ये विचारलंच नव्हतं!! उद्यापासून परत दारोदार जाते. गेस्ट हाऊसवाले तास खरे सांगतील का, की वीजबिल मागू?

भूजलवाला: बिल नको मागू, दार बंद करतील. टाकी किती लिटरची आणि दिवसातून कितीदा भरते, एवढंच विचार.