नवा पोपट तीन दिवसांत हातावर आणायचा? तोही उपाशी ठेवून?

खाजणकाठ
काल पक्षी पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर एक पोस्ट वाचली आणि रात्रभर डोक्यात तेच घोळत राहिलं. पोस्ट थोडक्यात अशी: नवा पक्षी घरी आला की त्याच दिवशी पंख कापा, पहिला दिवस खायला देऊ नका, संध्याकाळी टॉवेलात धरून हातावर बसवा, चावला तरी सोडू नका. तिसऱ्या दिवशी पक्षी ‘तयार’. खाली अंगठ्यांची रांग. त्यात आपल्या सिंधुदुर्ग-रत्नागिरीतले बरेच, कारण गणपतीला गावी येताना मुंबईहून पिंजरा घेऊन येणारे दरवर्षी वाढतायत.

मी हे सगळं केलेलं आहे, म्हणून लिहितोय. दोन वर्षांपूर्वी कॉकटेल, म्हणजे तुरा असलेला छोटा परदेशी पोपट, आणला. दुकानदाराने हेच सांगितलं, मी हेच केलं. तिसऱ्या दिवशी तो खरंच हातावर बसला. डोळे मोठे, तुरा मागे चिकटलेला, अंग ताठ. घरचे म्हणाले, बघ, माणसाळला. तो माणसाळला नव्हता, त्याने सुटायचा नाद सोडला होता. पंख परत आले तसा तो हात बघून पिंजऱ्यात आपटायला लागला. त्याला हातातून दाणा घ्यायला लावायला पाच महिने गेले. आजही न्हाणीघरातून टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आलो की तो फिस्कारतो.

कॉकटेलचं वजन ८०-१०० ग्रॅम, बजरीगरचं ३०-४०. एवढ्याशा जिवाला दिवसभर उपाशी ठेवायचं? नवा पक्षी आधीच भेदरून खाणं टाकतो, आणि आजारी असला तर शेवटपर्यंत दाखवत नाही. त्यामुळे पहिल्या आठवड्यात त्याला शिकवायचं काही नाही. रोज सकाळी वजन करायचं आणि विष्ठा बघायची. माझा मसाला मोजायचा डिजिटल काटा आता त्याचाच झालाय. नव्वद ग्रॅमचा पक्षी ऐंशीवर आला तर डॉक्टर गाठायचा.

पिंजरा एका बाजूला भिंत येईल असा, डोळ्यांच्या उंचीवर. तीन-चार दिवस नुसतं जवळ बसायचं, जेवायचं, बोलायचं. मग गजांतून राळ्याचं कणीस. तो खायला लागला की दार उघडून तेच कणीस हातात. मग कणीस थोडं मागे, म्हणजे त्याला बोटावर पाय ठेवल्याशिवाय चोच पोचणार नाही. मागे सरकला की आपणही हात मागे घ्यायचा. त्याच्या ‘नाही’चा मान राखला की तो चावायचं सोडतो. कुणाला बारा दिवस लागतील, कुणाला चार महिने.

डोंबिवली ते देवगड
ती पोस्ट माझी. नाव न घेता लिहिलंत, पण ग्रुपवर सगळ्यांना कळलंय.

मी लहानपणापासून पक्षी पाळतोय. तुम्ही एका कॉकटेलवरून सगळ्यांना शहाणपण शिकवताय. मी आणतो ते पिल्लू असतं, हातावर भरवलेलं, सात-आठ आठवड्यांचं. त्याला माणसाची भीती नसतेच. त्याला तुमच्या पद्धतीने चार दिवस कोपऱ्यात एकटं ठेवलं तर ते ओरडून ओरडून अर्धं होतं. त्याला पहिल्या दिवशीच हात लागतो. आणि पंखांचं म्हणाल तर गावच्या घरात सगळी दारं उघडी, माजघरात पंखा फिरतोय, चुलीवर उकडीच्या मोदकांचं आधण. तिथे उडणारा पक्षी सोडून दाखवा.

खाजणकाठ
हातावर भरवलेल्या पिल्लाचं तुमचं बरोबर आहे. त्याला एकटं ठेवू नये, हे मी लिहायला हवं होतं. पण तुमच्या पोस्टमध्ये ‘पिल्लू’ हा शब्द एकदाही नाही. ‘नवा पक्षी’ आहे. वाचणारा बाजारातून आणलेल्या मोठ्या, पिंजऱ्यात जन्मलेल्या, हात न लागलेल्या पक्ष्यावर ते करतो. आणि उपाशी ठेवणं पिल्लाला तर आणखीच घातक. त्याचं काय?

डोंबिवली ते देवगड
उपाशी म्हणजे भांडं काढून ठेवायचं आणि हातातून द्यायचं. लोक अर्धवट वाचतात त्याला मी काय करू.

रातांबा
पंखांवर माझं ऐका. मी वेंगुर्ल्याची. गेल्या गणपतीला भावाने कॉकटेल आणला, पंख शाबूत. आरतीला झांजा वाजल्या, कुणीतरी खळ्यात फटाका लावला, तेवढ्यात पाव्हण्यांसाठी दार उघडलं. सुपारीच्या बागेवरून गेला तो गेलाच. दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांच्या माडाखाली कावळ्यांनी टोचलेली पिसं सापडली. पुतणी अजून त्याची रिकामी वाटी जपून ठेवते. मी पंख कापायच्या बाजूने आहे, काय म्हणायचं ते म्हणा.

भरतीची वेळ
रातांबा ताई, वाईट वाटलं. पण आमच्या घरी उलट झालं. कापलेला पक्षी मांडणीवरून उडायला गेला आणि शहाबादी फरशीवर छातीवर आपटला. छातीचं मधलं हाड फुटलं. जवळचे डॉक्टर गुरांचे, त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, मला पक्ष्यातलं कळत नाही, कोल्हापूरला न्या. गगनबावड्याचा घाट चढेपर्यंतही तो राहिला नाही. पंख कापायचे तर दोन्ही बाजूंचे सारखे, थोडेच, आणि माहीतगाराकडून. दुकानात एका बाजूचे कचाकच कापतात, त्याने तोल जातो.

आणि गणपतीत नवा पक्षी आणायचाच कशाला? तुतारी एक्स्प्रेसच्या जनरल डब्यातून रात्रभराचा प्रवास, मग वीस पाव्हणे, ढोल, उदबत्ती, धूप, कापूर. पक्ष्याची फुप्फुसं धुराला फार नाजूक. नॉनस्टिक तवा रिकामा तापला तरी त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतो. चाकरमान्यांनी पक्षी दिवाळीनंतर आणावा, शांत घरात.

डोंबिवली ते देवगड
चाकरमान्यांनी काय करावं हे ठरवायला गावचे लोक कायम तयार. गणपती सोडून आम्हाला सुट्टी मिळते कधी?

कोण इलो
ह्या परदेशी पक्ष्यांचं एवढं कौतुक कशाला ते कळत नाही. आमच्या मालवणातल्या घरी आजीचा राघू होता. माडाच्या ढोलीतून काढलेला, डोळेही न उघडलेला. कण्या, पेरू, मिरची खाऊन सव्वीस वर्षं जगला. फाटकाचा आवाज झाला की ओरडायचा, “आजये, कोण इलो गो?” आजी गेली त्या दिवशी तो दिवसभर तेच विचारत होता आणि घरात कुणाला उत्तर देता येईना. त्याला कुणी टॉवेल दाखवला नाही की काट्यावर बसवलं नाही. ओटीवर सगळ्यांमध्ये वाढला, आपोआप माणसाळला.

जंगलवाट
आपल्याकडचा राघू १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. पकडणं, विकणं, घरात ठेवणं, सगळा गुन्हा. मग ‘आपोआप माणसाळला’ वगैरे गोड आठवणी लिहून तरुण पोरांना पुन्हा माडावर चढवू नका. एका ढोलीत तीन-चार पिल्लं असतात. जगतं त्यातलं एखादं, आणि आजीच्या ओटीवरची गोष्ट त्या एकाचीच होते. मी स्वतः चार पिल्लं बुटाच्या खोक्यात बघितली आहेत, दूधभात भरवून मारलेली. पक्ष्याला दूध पचत नाही एवढंही माहीत नव्हतं त्या लोकांना.

कोण इलो
माझ्या आजीला गुन्हेगार म्हणताय का? तिच्या वेळी असलं काही कुणाला ठाऊक नव्हतं. घराघरात राघू होता.

जंगलवाट
आजीला काही म्हटलं नाही. तुम्ही आज काय लिहिताय त्यावर बोललो.

शेताचा बांध
दोघेही गप्प बसा जरा. भातात दाणा भरला की पोपटांचे थवे उतरतात, त्याचं बोला. लोंब्या तोडतात, अर्धी खातात, अर्धी खाली टाकतात. पेरूला जाळी लावावी लागते. आम्ही पत्र्याचे डबे वाजवत पहाटेपासून बांधावर उभे. संरक्षण पोपटाला, भाताला कोण आहे? ओरडायला माणूस ठेवावा तर रोजंदारी परवडत नाही. शहरातून येऊन माया दाखवणाऱ्यांनी एक हंगाम माझ्या शेतावर काढावा.

जंगलवाट
नुकसान होतं, मान्य. माझ्या वडिलांचीही शेती आहे. पण पिल्लं ढोलीतून काढून विकल्याने थवे कमी होतात म्हणणाराही इथे भेटलाय, म्हणून आधीच सांगतो: ते पैसे शेतकऱ्याला मिळत नाहीत, चढणाऱ्याला आणि दलालाला मिळतात.

शेताचा बांध
मी तसं म्हटलंच नव्हतं. पण दलालाचं बरोबर बोललात.

कोण इलो
ठीक. आता ढोलीतून पिल्लू काढू नये, हे पटतं. पण राघूला पिंजऱ्यात ठेवणं पाप आणि ऑस्ट्रेलियाचा कॉकटेल पिंजऱ्यात ठेवणं छंद, हे मला कधी पटणार नाही. पिंजरा तो पिंजरा.

जंगलवाट
ह्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एवढंच की तो कॉकटेल पिढ्यान् पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलाय, त्याला सोडला तर रातांबा ताईंनी सांगितलं तेच होतं. राघूला सोडला तर योग्य वेळी, योग्य तयारीने तो थव्यात जाऊ शकतो. आणि परदेशी म्हणजे सगळं मोकळं असंही नाही. आफ्रिकन ग्रे पोपट आंतरराष्ट्रीय व्यापारात सर्वात कडक यादीत आहे. सन कॉन्युर, ग्रे, मकाव असे पक्षी असतील तर २०२४ च्या नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. दुकानदार हे सांगत नाही.

पाणंद
मूळ विषयावर येऊ का? मी नवीन आहे, गुहागरजवळ राहते. बारा दिवसांपूर्वी कॉकटेल आणला, साधारण वर्षाचा, हात न लागलेला. खाजणकाठ दादांनी लिहिलंय तसंच करतेय. पण काल रात्री अडीचच्या सुमारास तो पिंजऱ्यात अचानक फडफडायला लागला, पंखातून रक्त आलं. मी रडायचीच राहिले. माझं काही चुकलं का?

खाजणकाठ
ताई, तुमची चूक नाही. कॉकटेल रात्री दचकतात. पाल, उंदीर, वीज गेली आली, रस्त्यावरून रातराणी एसटीचा दिवा भिंतीवर फिरला, एवढंही पुरतं. पिंजरा तीन बाजूंनी सुती कापडाने झाका, पण मिट्ट काळोख नको, लहान दिवा राहू द्या. फडफडला की आधी बोला, मग दिवा मोठा करा. हात घालू नका. रक्त थांबलंय ना? वाढतं पीस तुटलं तर बरंच रक्त येतं, तेव्हा स्वच्छ कापसाने दाबून धरायचं आणि थांबलं नाही तर डॉक्टर. दहा-बारा तास शांत झोप मिळाली पाहिजे, टीव्हीच्या खोलीत ठेवू नका.

डोंबिवली ते देवगड
आणि पडवीत तर अजिबात टांगू नका रात्री. आमच्याकडे धामण गजांतून आत शिरली, पक्षी गिळला आणि फुगल्यामुळे बाहेर निघता येईना. सकाळी आईने पिंजऱ्यावरचं कापड काढलं तर आत साप. आईने त्यानंतर घरात पक्षी आणू दिला नाही चार वर्षं. बारीक जाळी मारून घ्या.

भरतीची वेळ
ही गोष्ट मात्र उपयोगाची सांगितलीत. मी दोन जोडतो. खाऱ्या वाऱ्याने गॅल्वनाइज्ड पिंजरा लवकर पांढरा पडतो, पक्षी ते चाटतो आणि जस्त पोटात जातं. पांढरी भुकटी दिसली की व्हिनेगरने घासा, फार झालं तर पिंजरा बदला. पावसाळ्यात दाणे किलोने आणू नका. दमट हवेत शेंगदाणा आणि सूर्यफुलाला बुरशी धरते, वास आला की टाका. नुसत्या दाण्यावर ठेवूही नका. शेवग्याचा पाला, लाल भोपळा, मोड आलेले मूग द्या. अ‍ॅव्होकॅडो आणि चॉकलेट विष.

रातांबा
कॅल्शियमला समुद्रफेन. दुकानात पैसे कशाला घालवता, आपल्या किनाऱ्यावर म्हाकुलाचं पांढरं हाड वाहून येतं. दोन-तीन दिवस गोड्या पाण्यात, रोज पाणी बदलून, मग कडक उन्हात वाळवा. वास गेला पाहिजे.

डोंबिवली ते देवगड
माझ्या पोस्टमध्ये ‘हातावर भरवलेलं पिल्लू’ असा बदल करतो. उपाशीची ओळ काढतो, लोक चुकीचं घेतात. टॉवेल राहू देणार. नखं कापायला, औषध पाजायला लागतो.

खाजणकाठ
औषधाला टॉवेल लागतो, हे मी कधी नाकारलं नाही. त्याचीही सवय दाणा देत देत, हळूहळू लावता येते. माणसाळवायला टॉवेल, ह्यावर आपलं जमणार नाही. ओळ काढलीत त्याबद्दल आभार मानतो.

पाणंद
रक्त थांबलंय. दिवा ठेवला, कापड घातलं. आज सकाळी मी पिंजऱ्याशेजारी बसून घावणे खात होते, तो दांडीवरून सरकत जवळ आला आणि कणसाचे चार दाणे माझ्या बोटांमधून घेतले. तुरा मागे नव्हता, अर्धा वर होता.

खाजणकाठ
अर्धा म्हणजे निवांत आहे. आज एवढंच पुरे, बोट पुढे करू नका. वजन किती भरलं ते कळवा.

पाणंद
अठ्ठ्याऐंशी. परवा सत्त्याऐंशी होतं.