मुतखडा, ईआर आणि पुन्हा पुन्हा सीटी

प्रेषक: माधवी, सध्या मुक्काम नाशिक

मंडळी नमस्कार,

सुट्टीला माहेरी आलेय, इंदिरानगरला, आणि परवा रात्री दीडला परत तेच सुरू झालं, उजव्या बरगडीखालून निघून जांघेपर्यंत जाणारी कळ, उलट्या, बसवत नाही न् झोपवत नाही. भावाने गाडी काढून द्वारकेजवळच्या एका दवाखान्यात नेलं, तिथे आधी डायक्लोफेनॅकचं (वेदनाशामक) इंजेक्शन, मग लघवीची तपासणी, सकाळी सोनोग्राफी. ४ मिलिमीटरचा खडा, ताप नाही, तेव्हा गोळ्या देऊन घरी पाठवलं. सगळे मिळून साडेतीन हजार रुपये.

मागच्या वर्षी अमेरिकेत हेच दोनदा झालं, दोन्ही वेळा ईआर (हॉस्पिटलचा इमर्जन्सी विभाग), दोन्ही वेळा सीटी स्कॅन, आणि दुसरं बिल ७ हजार डॉलरच्या वर, डिडक्टिबल (इन्शुरन्सने पैसे द्यायला लागण्याआधी आपण भरायची रक्कम) संपलेलं नव्हतं म्हणून बरंचसं आम्हीच भरलं. खडा आहे हे माहीत असताना दुसऱ्यांदा सीटी खरंच लागतो का? मी ४३ वर्षांची आहे, अजून किती वेळा त्या मशीनमध्ये जायचं?

माधवी

---

प्रेषक: स्मिता

माधवी, आधी सांग आता बरं आहे ना?

मी १४ वर्षं ईआरमध्ये नर्स आहे म्हणून लिहिते. पहिल्यांदा दुखतं तेव्हा सीटी करतात त्याला कारण असतं, अपेंडिक्स किंवा वयस्कर माणसाची फुगलेली महाधमनीसुद्धा अगदी अशीच दुखू शकते. पण पन्नाशीच्या आतला, एरवी धडधाकट, आधी खडा झालेला पेशंट नेहमीच्याच दुखण्याने आला तर सीटी टाळा, असं अमेरिकेतल्या इमर्जन्सी डॉक्टरांच्या संघटनेनेच सांगितलंय. २०१४ मध्ये १५ ईआरमधल्या २,७५९ पेशंटांचा अभ्यास आला होता, त्यात आधी सोनोग्राफी केल्याने धोकादायक आजार निदानातून जास्त निसटले नाहीत आणि रेडिएशन कमी झालं. तरी रात्री २ ला सोनोग्राफीवाला माणूस नसतो, सीटी मात्र चालू असतो, त्यामुळे तिकडेच ढकललं जातं. तेव्हा पुढच्या वेळी तूच सांग, मला आधी खडा होता, जुना सीटी आहे, सोनोग्राफीने भागेल का?

आणि दुसरी गोष्ट माझ्या फार जिवाला लागते. अमेरिकेतल्या १९८६ च्या कायद्यामुळे ईआरला कुणालाही तपासल्याशिवाय परत पाठवता येत नाही, म्हणून ज्यांना इन्शुरन्स नाही, यूरॉलॉजिस्टची (मूत्रविकारतज्ज्ञाची) तारीख मिळत नाही, ते सगळे आमच्याकडेच येतात. कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या पाहणीत खड्यासाठी घरी पाठवलेल्यांपैकी ११% लोक ३० दिवसांत परत ईआरला आले. औषधाने कळ थांबते, खडा आतच असतो, पुढची व्यवस्था कुणी लावून दिलेली नसते, मग तोच माणूस चौथ्या दिवशी कण्हत येतो आणि पुन्हा तेच बिल.

ताप आला, थंडी वाजली किंवा लघवी बंद झाली तर मात्र खर्चाचा विचार न करता लगेच जायचं. अडलेल्या लघवीत इन्फेक्शन झालं तर जिवावर बेतू शकतं, तिथे तासांचा हिशोब असतो.

स्मिता

---

प्रेषक: दिलीपकाका

माधवी, बिल आलं की लगेच भरू नकोस, आयटमाइज्ड बिल माग, म्हणजे प्रत्येक गोष्टीचा खर्च वेगळा दाखवणारं. हॉस्पिटल नॉन-प्रॉफिट असेल तर कमी उत्पन्नवाल्यांसाठी मदतीची पॉलिसी ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे, फॉर्म भरायला सांगावा लागतो, आपणहून कुणी सांगेलच असं नाही. आणि ज्यांचे आईवडील अमेरिकेत येणार आहेत त्यांनी व्हिजिटर इन्शुरन्समध्ये जुना खडा कव्हर होतो का ते आधीच वाचा.

---

प्रेषक: माधवी

स्मिताताई, दिलीपकाका, खूप धन्यवाद. आता बरं आहे.

एक सांगायचं राहिलं. त्या रात्री शेजारच्या कॉटवर निफाडकडच्या एक बाई होत्या, द्राक्षबागेत मजुरीला जातात, एप्रिलच्या खरड छाटणीला भर उन्हात दिवसभर उभ्या. त्यांचाही खडाच. पाणी का पीत नाही विचारलं तर म्हणाल्या, बागेत बायांना लघवीला जायला जागा कुठंय, म्हणून पीतच नाही. मला साडेतीन हजार स्वस्त वाटले, त्यांची तेवढ्यात कितीतरी दिवसांची मजुरी गेली आणि छाटणीचे खाडे पडले ते वेगळेच. बागेच्या कडेला एक आडोसा आणि पाण्याचा जार ठेवला असता तर कदाचित त्या तिथे आल्याही नसत्या. आमच्या काकांची बाग तिकडेच आहे, त्यांच्याशी मी आज रात्रीच बोलणार आहे.

माझा खडा आज सकाळी पडला, गाळणीत धरून डबीत ठेवलाय, उद्या तपासायला देते.

माधवी