नाव-पत्ता विचारला तर बिघडलं कुठं?

बेळगावात टिळकवाडीतल्या एका साखळी औषध दुकानाबद्दल कुणीतरी तक्रार केलीय, की अँटिबायोटिक घेताना पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव-पत्ता कशाला हवं? ते उगीच विचारत नाहीत हो. सेफिक्झिमसारखी काही अँटिबायोटिक्स, चिंतेवरचं अल्प्राझोलम, टीबीची औषधं शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे विक्रीची नोंद सक्तीची असलेल्या औषधांच्या सरकारी यादीत येतात. २०१४ पासून त्यांची वेगळ्या रजिस्टरात नोंद करून ती ३ वर्षं ठेवावी लागते. मोबाइल नंबर मात्र त्यात येत नाही, तो त्यांच्या सवलत कार्डासाठी. नको म्हणून सांगायचं, बिल तरीही होतं.

माझी तक्रार वेगळीच आहे. खानापूरहून आईच्या गोळ्यांसाठी बेळगावला जावं लागतं. अशाच एका साखळी दुकानात काउंटरवरच्या पोरानं पट्टी कात्रीनं कापून चार गोळ्या हातात ठेवल्या आणि बॅच नंबर, एक्सपायरी छापलेला तुकडा गेला त्याच्याच ड्रॉवरमध्ये. विचारलं तर म्हणतो, "बिलात हाय की ओ काका." बिलाची शाई चार दिवसांत उडते, मग घरी डब्यातली गोळी कधीची हे कोण सांगणार? (यातला फार्मासिस्ट कोण तेही कळत नाही, पांढरा कोट सगळ्यांच्याच अंगावर.) आता मी कात्री उचलायच्या आधीच सांगतो, तारखेकडची बाजू मला दे. कुरकुरतात, पण देतात.