घरी स्प्रिंग बदललेल्या एअर रायफलचा झणझणाट आणि थरथर : कारण कसे शोधावे?

जुळे_सोलापूरकर

नमस्कार. माझी मुलगी दहा मीटर एअर रायफलचा सराव करते. क्लबमधील रायफल घरी आणता येत नसल्यामुळे परिचयातील एका गृहस्थांकडून नळी सांध्यावर खाली वाकवून भरण्याच्या प्रकारची, ४.५ मिलिमीटर व्यासाची स्प्रिंगची रायफल घेतली. आधीच्या मालकांनी मूळ स्प्रिंग काढून तिच्या जागी जाड तारेची आणि अधिक वेटोळ्यांची स्प्रिंग घरीच बसवली आहे, असे त्यांनी विकताना सांगितले होते. मूळ स्प्रिंगही त्यांनी सोबत दिली आहे.

रायफल भरताना शेवटच्या टप्प्यात घासल्यासारखा कर्रकर्र आवाज येतो आणि तिथे जोरही बराच लावावा लागतो. चाप ओढल्यानंतर छर्रा गेला तरी आतून झण्ण असा लांबत जाणारा नाद येतो आणि त्याची थरथर गालाला स्पष्ट जाणवते. दुपारच्या सरावात कधी कधी पहिल्या काही छर्‍यांना फटाक्यासारखा मोठा आवाज होऊन नळीतून धूरही दिसतो. छर्‍यांची जागाही पूर्वीसारखी एकत्र राहत नाही. हे सर्व एकाच दोषामुळे होत असेल की दोष वेगवेगळे आहेत? शहराबाहेरच्या माळावर नेऊन तपासावे का, असाही विचार मनात आहे.

लेथवाला_अक्कलकोट_रोड

आपण आवाजांचे वर्णन वेगवेगळे करून दिले आहे, त्यामुळे काम बरेच सोपे झाले. माझा अनुभव यंत्रमागाच्या सुट्या भागांचा असला, तरी स्प्रिंगच्या रायफलीही वेळोवेळी माझ्या हाताखालून गेल्या आहेत, आणि दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच असतो : आवाज फेर्‍याच्या कोणत्या क्षणी येतो? भरताना येणारा, चाप सुटताना येणारा आणि छर्रा गेल्यानंतर रेंगाळणारा, हे तीन आवाज तीन वेगळ्या ठिकाणांहून येतात आणि त्यांचे उपायही वेगळे असतात.

रेंगाळणार्‍या झण्ण आवाजापासून सुरुवात करतो. चाप ओढल्यावर पिस्टन पुढे झेपावतो, समोरची हवा दाबली जाते आणि पिस्टन थांबतो. स्प्रिंगची वेटोळी मात्र काही काळ कंप पावत राहतात. स्प्रिंगच्या आत जी मार्गदर्शक दांडी असते, तिच्यात आणि वेटोळ्यांच्या आतल्या व्यासात फट जास्त असेल, तर हा कंप अडवणारे काही राहत नाही. जाड तारेची स्प्रिंग बाहेरून पिस्टनमध्ये बसली, तरी तिचा आतला व्यास जुन्या दांडीशी जुळेलच असे नसते, आणि तुमच्याकडे बहुधा तेच झाले आहे. स्प्रिंग बाहेर निघेल तेव्हा ती काचेवर लोळवून पाहावी. वाकलेली असेल तर ती डुलत लोळते, आणि वाकडी स्प्रिंग दांडीला व पिस्टनला एकाच बाजूने घासते. तिची दोन्ही टोके सपाट घासून गुळगुळीत केलेली आहेत का, हेही पाहावे. घरी कापलेल्या स्प्रिंगचे टोक अनेकदा तिरके आणि धारदार राहते.

आता भरतानाचा कर्रकर्र आवाज. मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते. वेटोळी जास्त असतील, तर पिस्टन अडकवणारा खटका लागण्याआधीच ती एकमेकांवर टेकतात. शेवटी जोर लावावा लागतो तो त्यामुळेच. अशा वेळी खटका अर्धवट लागू शकतो, आणि छर्रा घालायला बोटे ब्रीचपाशी (नळीच्या मागच्या तोंडाशी) असताना तो सुटला, तर नळी जोरात मिटते. बोट तुटण्याइतका तो फटका असतो. म्हणून छर्रा घालताना दुसर्‍या हाताने नळी घट्ट धरून ठेवणे, आणि नळी उघडी असताना चापाला हात न लावणे, या दोन गोष्टी मुलीला आजच सांगा. ही स्प्रिंग बाहेर निघेपर्यंत ती रायफल भरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

रायफल खोलण्यापूर्वी बाहेरचे स्क्रू मात्र जरूर तपासा. दस्त्याच्या पुढच्या भागात दोन्ही बाजूंना आणि चापाच्या कडीजवळ जे स्क्रू असतात, ते स्प्रिंगच्या रायफलीत सतत ढिले होतात, कारण या रायफलीला दोन धक्के असतात : पिस्टन पुढे सुटताना रायफल मागे येते, आणि पिस्टन हवेच्या गादीवर आदळताना ती पुढे ओढली जाते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात लाकडी दस्ता आटतो, तेव्हा तर महिनाभरापूर्वी आवळलेला स्क्रूही सैल सापडतो. पुष्कळदा निम्मी थरथर इथेच संपते.

स्प्रिंग काढण्यासाठी ती दाबून धरणारा शिकंजा हवाच. मागची पिन काढताना स्प्रिंग बरीच दाबलेली असते. छातीला टेकवून ती हाताने सोडवणार्‍यांचे धाडस मला कधीच समजले नाही.

दहा_मीटर_प्रशिक्षक

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. धुराबद्दल मात्र स्वतंत्रपणे लिहितो, कारण त्याचे कारण वेगळे आहे. पिस्टनसमोरच्या पोकळीत तेल किंवा ग्रीस गेले असेल, तर दाबलेल्या हवेच्या उष्णतेने ते पेटते. डिझेल इंजिनात इंधन पेटते त्याच तत्त्वाने. मोठा आवाज, धूर आणि जळकट वास ही त्याची खूण आहे. स्प्रिंग बदलताना बहुधा ग्रीस सढळ हाताने भरले गेले असावे आणि उकाड्यात ते पातळ होऊन पुढे सरकत असावे. सोलापूरच्या मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, हे विसरून चालणार नाही. असे सतत होत राहिले तर पिस्टनचे सील (हवा निसटू न देणारा तोंडावरचा भाग) जळते किंवा फाटते. नळीतून किंवा हवेच्या छिद्रातून तेलाचा फवारा मारण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच मानू नये. आतील पोकळी कोरड्या कापडाने पुसून घ्यावी, पिस्टनच्या घासणार्‍या पृष्ठभागावर मॉलिब्डेनमयुक्त ग्रीसचा पुसट हात द्यावा आणि घट्ट, चिकट ग्रीस केवळ वेटोळ्यांवर पातळ लावावे. पुष्कळ जण झण्ण आवाज मारण्यासाठी स्प्रिंगवर ग्रीस थापतात; आवाज काही दिवस दबतो, फट तशीच राहते आणि ते ग्रीस पुढे जाऊन पेटते.

छर्रे विखुरण्याचे आणखी एक कारण ब्रीचचे सील असू शकते. सांध्यावर टिश्यू पेपरचा तुकडा ठेवून छर्रा मारावा. तो उडाला तर हवा तिथून निसटते आहे. ही चाचणीही स्प्रिंग बदलल्यानंतरच करावी. छर्र्याशिवाय रिकामा चाप ओढू नये. समोर छर्र्याचा अडथळा नसला, तर हवेची गादी तयार होत नाही आणि पिस्टन थेट धातूवर आदळतो.

आणि मुळात जोरदार स्प्रिंगची गरजच काय, हे मला समजलेले नाही. दहा मीटरच्या लक्ष्यावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि स्पर्धेच्या रायफलीतून छर्रा सेकंदाला साधारण १७० ते १७५ मीटर वेगानेच जातो. तिथे वेगापेक्षा प्रत्येक वेळी सारखे सुटणे महत्त्वाचे असते.

नियमांचा_विद्यार्थी

एक बाजू राहिली आहे. शस्त्र नियम, २०१६ नुसार ४.५ मिलिमीटरपेक्षा अधिक व्यासाच्या किंवा २० ज्यूलपेक्षा अधिक ऊर्जेच्या हवाई शस्त्राला परवाना लागतो. ०.५३ ग्रॅम वजनाचा छर्रा सेकंदाला २७५ मीटरच्या पुढे गेला, की ही मर्यादा ओलांडली जाते. जोरदार स्प्रिंगमुळे आपली रायफल नकळत त्या रेषेपलीकडे गेली असू शकते. क्लबमध्ये वेगमापक असेल, तर दुरुस्तीनंतर दहा छर्‍यांचा वेग मोजून घ्यावा; ऊर्जाही कळेल आणि वेगातील चढउतारावरून सीलची स्थितीही समजेल. ही सगळी चर्चा हवाई रायफलीपुरतीच आहे, हेही नोंदवतो. बंदुकीची किंवा अर्धस्वयंचलित रायफलीची दुरुस्ती अथवा फेरबदल विनापरवाना करणे हा शस्त्र अधिनियम, १९५९ खाली गुन्हा आहे, त्यामुळे वरची कृती कोणी तिकडे लागू करू नये.

माळावर नेण्याचा विचार सोडून द्यावा. छर्रा काही शे मीटर जाऊ शकतो, माळावर गुराखी असतात आणि नान्नजकडचा भाग तर माळढोक अभयारण्याचा आहे. तिथे रायफल घेऊन फिरणार्‍याचे म्हणणे वनरक्षक ऐकून घेत बसणार नाहीत. मागे छर्रे अडवणारी भक्कम छर्रापेटी असलेली बंदिस्त जागाच योग्य.

जुळे_सोलापूरकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दस्त्याच्या पुढचे दोन्ही स्क्रू पाऊण फेरा ढिले निघाले. ते आवळले, रायफल मात्र त्यानंतर भरलेली नाही. रविवारी क्लबमधील एका जाणकारांच्या शिकंज्यावर ती खोलली. दांडी आणि नव्या स्प्रिंगमध्ये एक मिलिमीटरहून अधिक फट होती, स्प्रिंग काचेवर डुलत लोळली, आणि पुढच्या पोकळीत ग्रीसचा काळा थर साचलेला होता. सीलची कड एका ठिकाणी करपली आहे. नवे सील मागवले असून मूळ स्प्रिंगच परत बसवायची ठरवली आहे. मूळ स्प्रिंगही दांडीवर किंचित सैल वाटते, तेवढ्यापुरता काही उपाय आहे का?

लेथवाला_अक्कलकोट_रोड

आहे. स्प्रिंगचा आतला व्यास तीन ठिकाणी व्हर्नियरने मोजून पाठवा. दाट प्लास्टिकची दांडी लेथवर करून देता येईल. ती स्प्रिंगमध्ये हाताने, किंचित अडखळत जायला हवी. ठोकून बसवावी लागली, तर ती जाड झाली असे समजावे. पिस्टनच्या बाजूला सपाट पोलादी वॉशर ठेवा, म्हणजे स्प्रिंगला पिळ सोडायला जागा मिळेल. जोडणीनंतर पहिले वीस-तीस छर्रे लक्ष्याचा विचार न करता छर्रापेटीत मारा, स्क्रू पुन्हा आवळा आणि मगच नेम जुळवायला घ्या.