जुनं तैलचित्र : घड्याळाची साखळी नंतर काढलेली असेल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, ऑगस्टाजवळ राहतो. इथल्या एका जुन्या घरातलं सामान विकायला निघालं होतं, त्यातून हे चित्र घेतलं. साधारण तीस बाय पंचवीस इंच. पन्नाशीचे गृहस्थ, काळा कोट, गळ्याशी काळ्या साटीनचा रुमाल, मागे गडद लाल पडदा. चेहरा जीव ओतून केलाय, गालावरचा चामखीळसुद्धा सोडलेला नाही. बाह्या मात्र नुसत्या सपाट काळ्या. पोटावर सोन्याची साखळी, तिची एकेक कडी पिवळ्या ठिपक्यांनी उठवलेली.

सही कुठेच नाही. मागे कॅनव्हास तपकिरी पडलंय, चौकटीच्या कोपऱ्यांत लाकडी पाचरी आहेत, कडेला बारीक चुका ठोकल्यात. फाटक्या लेबलावर ‘किंग स्ट्रीट, चार्ल्’ एवढंच वाचता येतं, म्हणजे शेजारच्या साउथ कॅरोलिनातलं चार्ल्सटन. कपड्यांवरून मला १८३५ ते १८५० वाटतं. विकणाऱ्या बाई त्या काळचा नामवंत व्यक्तिचित्रकार थॉमस सली याचं नाव घेत होत्या, ते मला पटत नाही. सलीच्या हातून बाह्या इतक्या कोरड्या उतरल्या नसत्या. त्या काळी चित्रकार गिऱ्हाइकं शोधत गावोगाव फिरत. तारायंत्रवाला मोर्ससुद्धा १८१८ ते १८२१ दरम्यान हिवाळ्यात चार्ल्सटनला येऊन व्यक्तिचित्रं काढायचा. तसाच कुणीतरी असावा.

आता मुख्य अडचण. अंधारात अतिनील टॉर्च मारली तर सगळीकडे जुन्या वॉर्निशची हिरवट चमक दिसते, पण साखळीचा पट्टा काळाकुट्ट. म्हणजे ती वॉर्निशवरून नंतर रंगवली असणार, असं मला वाटतं. माणूस आणखी श्रीमंत दिसावा म्हणून घरच्यांनीच काढून घेतली असेल का? वॉर्निश उतरवलं तर साखळीही जाईल. ती जाऊ द्यावी की ठेवावी?

चित्र साफ करायला ओळखीतल्या एकांनी बटाट्याची फोड फिरवायला सांगितली होती. ते केलं नाही, पण कोपऱ्यात इंचभर ओला कापूस फिरवला. त्याला तपकिरी रंग लागला, तेव्हा लगेच थांबलो. काही नुकसान झालं असेल का?

आणि मला चित्रातल्या गृहस्थांचं नाव हवंय. या भागातला तेव्हाचा पैसा मुख्यतः कापसाचा, आणि कापूस गुलामांच्या कष्टाचा. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची वेगळी यादी आहे. तिच्यात मालकाचं नाव असतं, पण गुलामांचं बहुतेक ठिकाणी फक्त वय, लिंग आणि वर्ण. हे कळल्यापासून बायको म्हणते, ते कोण होते ते समजल्याशिवाय दिवाणखान्यात लावायचं नाही. मलाही ते पटलंय.

वॉशिंग्टनमधल्या स्मिथसोनियन संस्थेच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी या संग्रहालयाकडे अमेरिकन व्यक्तिचित्रांची सूची आहे. नाव माहीत नसताना तिथे नुसत्या वर्णनावरून कुणी शोध घेतलाय का? अटलांटा किंवा चार्ल्सटनमध्ये जुनी चित्रं दुरुस्त करणारं खात्रीचं कुणी माहीत असेल तर तेही सांगा. पुढचे, मागचे आणि टॉर्चच्या उजेडातले फोटो खाली देतोय.